नगारवेशीची चावी

शाळेचं मैदान मोकळं होतं.

मी एसटीतून उतरून, खांद्यावरची पिशवी सावरत नेहमीच्या वाटेनं नगरपालिकेकडे निघाले होते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून सोलापूरला जाऊन आले, तेवढ्यात हे झालं होतं. मैदानाच्या मधोमध फक्कीनं आखलेलं एक मोठं वर्तुळ आणि त्यात इंग्रजी एच. बाकी काही नाही. दोन शेळ्या त्या एचवर उभ्या राहून काहीतरी चघळत होत्या.

शाळेचा शिपाई फाटकापाशी झाडू घेऊन उभा होता.

“इथले दगड कुठायत?”

“कुठले दगड?”

“ओळीनं मांडून ठेवले होते ते. पांढरे नंबर घातलेले.”

“ते व्हय. मंत्रीसायबांचं हेलिकॉप्टर उतरणार हाय. मैदान साफ करा म्हणले, जेसीबीनं उचलले.”

“आणि टाकले कुठे?”

“ते मला काय म्हाईत, बाई. मला झाडायला सांगितलं, मी झाडलं.”

ते दगड म्हणजे लिंबसरच्या नगारवेशीची कमान होती.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. जुन्या वास्तूंचं जतन हा माझा व्यवसाय. पुण्यात शिकले, थोडं काम परदेशातल्या लोकांबरोबर केलं, आणि लिंबसरची वेस हे माझं स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम. गाव बालाघाटाच्या पायथ्याशी, तालुक्याचं. वेस काळ्या दगडाची, वर नगारखाना, खालून बाजारपेठेचा रस्ता. आदल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीनं खांबाला धडक दिली, कमान फाकली, आणि नगरपालिकेनं वेस पाडायचा ठराव करून टाकला. जिल्ह्याकडून पर्यटनाचा थोडा निधी आला म्हणून मला बोलावलं गेलं.

नगरपालिकेच्या सभागृहात उभं राहून मी सांगितलं होतं, “पाडायची गरज नाही. कमानीचे दगड नंबर घालून उतरवू, खांब सरळ करू आणि कमान होती तशी चढवू. प्रत्येक दगड त्याच्या जागी.”

मागून एक किराणा दुकानदार म्हणाला, “उतरवलेलं कधी चढत नसतंय मॅडम. बाजारओट्याची छपरं अजून उतरवलेलीच हायेत.”

सभागृह हसलं. मीही हसले. तेव्हा मला हसता येत होतं.

नगराध्यक्ष अंकुशराव ताटे त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलले होते. गोड माणूस. कुणालाही ‘नाही’ म्हणायचा नाही, ‘बघू’ म्हणायचा. त्या ‘बघू’चा अर्थ कळायला मला जरा वेळ लागला. रिकामं मैदान पाहून मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले, तेव्हा ते चहा पीत होते.

“बसा मॅडम. आईंचे डोळे कसे आहेत?”

“बरे आहेत. दगड कुठे टाकले?”

“दगड काय पळून जातायत? मंत्रीसाहेबांचा दौरा लागला अचानक. आता हेलिकॉप्टर काय तुमच्या दगडांवर उतरवायचं?”

“प्रत्येक दगड वेगळ्या मापाचा आहे. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. तुम्हाला मी हे नकाशावर दाखवलं होतं.”

“दाखवलं होतं की. छान होता नकाशा.” त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. “ठेकेदाराला विचारतो. बघू.”

मंत्री आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात येऊ, असा फोन आला. पुढच्या महिन्यातही आले नाहीत.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. आमची म्हणजे माझी, इस्माईलभाईंची आणि नगरपालिकेनं दिलेल्या एका मुकादमाची. इस्माईलभाई दगडकामाचे मिस्त्री, मूळचे नळदुर्गचे, पण सासुरवाडी लिंबसर म्हणून इथेच स्थायिक झालेले. कामात चोख आणि तोंडानं फटकळ. जेसीबीवाल्यानं काही खेपा ओढ्याच्या काठावर टाकल्या होत्या, काही नव्या रस्त्याच्या भरावाला, आणि तिथून ज्याला जो आवडला तो त्यानं उचलून नेला होता. घडीव दगड, तोही फुकट. कोण सोडील?

एक शिंप्याच्या मागच्या दारी सापडला, धुण्याचा दगड होऊन. एक पिठाच्या गिरणीची पायरी झाला होता. एका हॉटेलवाल्यानं रांजणाखाली घातला होता आणि माझा नंबर ग्राहकांकडे तोंड करून दिसत होता. धुण्याचा दगड मागायला गेले तर शिंप्याची बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दगडाला नंबर कशाला घालताव? तुमच्या बापाचा हाय व्हय?”

“माझ्या बापाचा नाही. गावाचा आहे.”

“मग मी गावातलीच की.”

शेवटी तिला दुसरा, तिच्या मते याहून सपाट, दगड आणून दिला तेव्हा तिनं तो सोडला. प्रत्येक दारात हेच. कुणी म्हणे आधी नळाचं पाणी सोडा मग दगड मागा. कुणी म्हणे नगरपालिकेनंच टाकलं, आता नगरपालिकाच मागती, काय म्हणावं. मी मापं घेणारी, चुन्याचे नमुने तपासणारी बाई; दिवसभर लोकांच्या मोरीत वाकून दगड ओळखत फिरत होते. रात्री लॉजवर हात धुतले तरी साबणाच्या पाण्याचा वास जायचा नाही.

तरी हळूहळू दगड आले. काही फुटले होते, त्यांचे तुकडे इस्माईलभाईंनी सांधले. चुना भिजवून मुरवून तयार होता. खांब सरळ केले, लाकडी साचा उभा केला आणि दोन्ही बाजूंनी कमान चढायला लागली. ती चढताना पाहायला लोक जमायचे. त्या किराणा दुकानदारानंसुद्धा एकदा मान वर करून पाहिलं आणि टोमणा न मारता आत गेला. मला तेवढं पुष्कळ झालं.

माथ्यावर मात्र एक जागा रिकामी राहिली. मधल्या दगडाची. दोन्ही बाजूंच्या दगडांचा रेटा तोच झेलतो, तो बसल्याशिवाय कमान स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. इस्माईलभाई त्याला ‘चावी’ म्हणायचे. आमच्या वेशीच्या चावीवर आठ पाकळ्यांचं कमळ कोरलेलं होतं. वर रुंद, खाली निमुळता असा तो दगड, आणि तोच कुठे सापडेना.

तोवर उसाचा हंगाम भरात आला होता. वेशीखाली साचा, म्हणून रस्ता बंद. ट्रॅक्टर गावाला लांबचा वळसा घालून जात होते. शेतकरी वैतागले, दुकानदारांचं गिऱ्हाईक तुटलं. अंकुशरावांनी मला बोलावून घेतलं.

“नवा घडवा की मॅडम. दगडच आहे.”

“हरवलाच असेल तर घडवू. पण तो हरवलेला नाही. गावातच कुठेतरी आहे.”

“असेल. पण लोकांना काय सांगू? कमळ सापडत नाही म्हणून रस्ता बंद?”

“थोडा वेळ द्या.”

“बघू,” ते म्हणाले.

शेवटी जेसीबीवाल्यालाच मी पुन्हा गाठलं. तो जेवत होता. म्हणाला, “एक खेप वढ्याच्या पल्याड टाकली व्हती. भीमनगराच्या अंगाला. तिकडं बघितलं का?”

तिकडे आम्ही पाहिलं नव्हतं. मुकादम रोज ओढ्याच्या अलीकडूनच मागे फिरायचा आणि त्याच्याबरोबर मीही फिरायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी एकटीच गेले. भीमनगर म्हणजे पन्नासेक घरांची वस्ती. मधोमध विहार, म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, दार निळ्या रंगाचं. दार उघडं होतं. आत एक म्हातारी झाडत होती. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात हिरव्या बांगड्यांऐवजी एक घड्याळ.

मी चपला काढल्या आणि समोर पाहिलं. सोनेरी रंग दिलेली बुद्धाची मूर्ती होती, आणि तिच्याखाली माझा दगड. निमुळती बाजू ओट्यात रुतवलेली, रुंद बाजूवर मूर्ती, आणि दर्शनी अंगाला ते आठ पाकळ्यांचं कमळ. माझा नंबर घासून काढलेला. इतका स्वच्छ तो मी कधीच पाहिला नव्हता.

“बसा,” म्हातारी म्हणाली. “वेशीवाल्या बाई ना तुमी?”

तिचं नाव सरूबाई ओव्हाळ. मुलगा राजरत्न शेजारच्या गावी शाळेत मास्तर. विहाराची झाडलोट, दिवाबत्ती तिच्याकडे.

“मावशी, हा दगड वेशीचा आहे.”

“म्हाईत हाय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला न्हाई म्हाईत आसणार तर कुणाला? माजा सासरा वेसकर व्हता.” तिनं झाडू कोपऱ्यात उभा केला. “गावानं आजवर वढ्याकडं जे जे टाकलं, त्यात उचलण्यासारखं हे एकच निगालं. म्हणून उचललं. आता त्येच्यावर भगवान बसल्यात.”

तरी मी बोलले. कमान कशी उभी राहते, चावी नसली तर काय होतं, सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

“संध्याकाळी या,” ती म्हणाली. “राजरत्न आसंल, बाकीचीबी आसतील. त्येंच्या म्होरं सांगा.”

संध्याकाळी विहारात बरीच माणसं जमली. मी पुन्हा सगळं सांगितलं. राजरत्न ओव्हाळ माझ्याच वयाचा, शांत बोलणारा. पण राग त्याच्या त्या शांत बोलण्यातच होता.

“मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण हा दगड नगरपालिकेनं कचऱ्यात टाकला होता. आम्ही त्याला मान दिला. आता गावाला आठवण झाली म्हणून मूर्ती उचलायची?”

“मूर्तीसाठी आम्ही हुबेहूब असाच दगड घडवून देऊ. तीच खाण, तेच कमळ. इस्माईलभाई घडवतील.”

“मग तो नवा तिकडे बसवा. हा इथे राहू द्या.”

सरळ प्रश्न होता. मी म्हणाले, “करता येईल. पण मग ती वेस पूर्ण होणार नाही. माझ्या दृष्टीनं तरी.”

“तुमच्या दृष्टीनं,” तो म्हणाला.

मग सरूबाई म्हणाली, “देऊन टाकू.”

“आई.”

“ऐक तर. माजी वरात आली तवा वाजंत्री वेशीम्होरं आली आन् बंद झाली. आपल्या वरातीनं वेशीतनं जायचं न्हाई, आसा रिवाज. वढ्याकडनं वळसा. पावसाळ्याचे दिस. नवं लुगडं गुडघ्यापस्तोर वर धरून चिखलातनं आले मी. सासरा वेशीतच उभा व्हता, कामावर. दार त्येनं उगडायचं, त्येनंच लावायचं, आन् झोपायचं भाइर. सुनंला वळून जाताना बगितलं त्येनं. पर जागा सोडली न्हाई. सोडली आसती तर भाकर गेली आसती.”

राजरत्न आईकडे वळला. “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगून काय व्हनार व्हतं? शिकत व्हतास.” मग ती माझ्याकडे वळली. “दगड देऊ, बाई. पर टेम्पोत घालून गुपचूप न्यायचा न्हाई. आमी आनू. वाजवत आनू, सम्दी मिळून. वेशीम्होरनं, पेठंतनं. आन् बसवताना आमच्या मानसांचा हात लागल. हाय कबूल?”

मी कबूल म्हणाले. माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, याचा विचार न करता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंकुशरावांना सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत होते.

“मॅडम, तुम्ही इमारतीचं बघा. गावाचं आम्ही बघतो.”

“यात वेगळं काय आहे? दगड आणतायत. आणि तो देणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं.”

“मला अडचण नाही. मी त्यांच्याबरोबर जेवलेला माणूस आहे. पण पेठेतले लोक... वाजवत कशाला? उगाच जुनं उकरायचं.”

“तुम्ही नाही म्हणताय का?”

“छे छे, नाही कशाला म्हणू? चांगलंच आहे. येत्या पौर्णिमेला करू. हार-बिर मी सांगतो.” ते हसले. “बघू.”

तो शब्द मी ऐकला होता. पण माझी सगळी उमेद त्या एका जागेपाशी येऊन थांबली होती, माथ्यावरच्या रिकाम्या जागेपाशी. मला ‘करू’ तेवढंच ऐकू आलं.

पुढचे दिवस मला अजून आठवतात, कारण त्या कामावरचे तेवढेच आनंदाचे दिवस. इस्माईलभाईंनी विहारासाठी नवा दगड घडवायला घेतला. मी त्यांच्या मागे लागले की माप केसभरही चुकता कामा नये, उंची तीच, उतार तोच. ते चिडले, “मॅडम, मूर्तीच ठेवायची आहे ना? कमानीत थोडाच जाणार आहे हा?” पण घडवला त्यांनी तंतोतंत. पाकळ्या इतक्या रेखीव की राजरत्न पाहायला आला तेव्हा हात फिरवून म्हणाला, “जुन्यापेक्षा चांगलाय.” वस्तीत वर्गणी न काढता बँड ठरला; बँडवाला वस्तीतलाच होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मला जिल्ह्याच्या ठिकाणाहून निरोप आला म्हणून नगरपालिकेनं कळवलं. निधीची शेवटची बैठक, जातीनं हजर राहा. मी गेले. तिथे दिवसभर बाकावर बसले. संध्याकाळी एका कारकुनानं सांगितलं की अशी बैठकच नाही, तुम्हाला कुणी बोलावलं? शेवटची एसटी निघून गेली होती. तिथेच एका मैत्रिणीकडे राहिले आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. गाडीत मला कळत होतं. तरी मी स्वतःला सांगत होते की चूक झाली असेल कुणाची तरी.

गाडी लिंबसरला वळली आणि लांबूनच दिसलं, वेशीखाली साचा नव्हता.

कमान बंद झाली होती. माथ्यावर कमळ होतं, रेखीव, नवं. शेजारच्या सांध्यांतून सिमेंट ओघळलेलं, ओलं, राखाडी. माझ्या चुन्याच्या सांध्यांवर ते पसरलं होतं. सिमेंट ताठ असतं, ओल आत कोंडून धरतं, आणि मग जुना दगड फुटतो. हे मी या गावात किती वेळा सांगितलं होतं, मोजलं नाही. वेशीखालून उसाची ट्रॉली निघाली होती आणि ड्रायव्हर खुशीत हॉर्न वाजवत होता.

इस्माईलभाई खांबाला टेकून बसले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “सिमेंट मी नाही लावलं. ठेकेदाराच्या माणसांनी लावलं.”

“आणि दगड?”

“दगड मी बसवला.”

“इस्माईलभाई.”

“तुमची मापं होती. सुतात बसला.” मग त्यांनी वर पाहिलं. “मॅडम, तुम्ही काम संपलं की जाणार. मला इथंच राहायचंय. सासुरवाडी हाये, पोरी इथंच दिल्यात. ताटेसाहेब स्वतः घरी आले होते. काय करायला हवं होतं मी?”

मला रागवायचं होतं. पण तो राग त्यांच्यावर ठरेना.

अंकुशराव नगारखान्याखाली चार माणसांत उभे होते. मला पाहून पुढे आले. “झालं ना एकदाचं? लोक खूश आहेत. त्यांच्या दगडाला हात लावावा लागला नाही, त्यांचा देव हलला नाही. सगळ्यांचंच समाधान.”

“तुम्ही मला मुद्दाम पाठवलंत.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून.” आवाज तसाच गोड. “काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही तेवढी राहिली आहे. आता नको, दमला असाल. सावकाश द्या.”

“मी सही करणार नाही.”

“बघू,” ते म्हणाले.

मी भीमनगराकडे चालत गेले. ती वाट आजही सांगताना जड जाते. ओढा ओलांडला तोच बँडचा आवाज आला. सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यांत, माणसं धुतलेल्या कपड्यांत. विहारातली मूर्ती हलवून एका पाटावर ठेवली होती आणि तो दगड सजवलेल्या हातगाड्यावर, खाली निळं कापड, वर झेंडूच्या माळा. तो त्यांनी पुन्हा एकदा धुतला होता. दगड अजून ओला होता.

“आल्या बाई,” कुणीतरी म्हणालं. “चला, निगू या.”

मी राजरत्नला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्याला काही तरी कळलं असणार आधीच; त्यानं फक्त डोळे मिटले. मग तो गाड्यापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “कमान काल बंद झाली. आपल्यासाठी घडवलेला दगड तिथे लावलाय त्यांनी.”

बँड थांबला. एक जण म्हणाला आत्ताच्या आत्ता तहसीलवर मोर्चा काढू. दुसरा म्हणाला ते सिमेंट अजून ओलं आहे, उपटून काढू. मी म्हणाले साच्याशिवाय उपटलं तर सगळी कमान खाली येईल, माणसं मरतील. आणि म्हणता म्हणता मला जाणवलं की मी अजूनही त्या कमानीचीच बाजू घेऊन बोलतेय.

“माझ्या शब्दावर तुम्ही मूर्ती हलवलीत,” मी सरूबाईला म्हणाले.

ती गाड्याच्या दांड्याला हात लावून उभी होती. म्हणाली, “हलीवली तर हलीवली. परत ठिवता येतीय.” मग बँडवाल्याकडे पाहिलं. “का रं थांबलास?”

“कुठं जायचं आता, आज्जे?”

“जिथं निगालो व्हतो तिथं. निगालोच हाय तर वेशीतनं फिरवून आनू त्येला.”

राजरत्ननं गाड्याचा दुसरा दांडा धरला.

त्या वेशीचं पुढे काय झालं, ते आधी सांगून टाकते. मी सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली. मी सविस्तर अहवाल लिहिला, तो कुणी वाचला की नाही ठाऊक नाही. त्या जिल्ह्यात मला पुन्हा काम मिळालं नाही. चारपाच वर्षांत माथ्याशेजारच्या दगडांना सिमेंटच्या कडेनं चिरा गेल्या, मी म्हटलं होतं तिथेच. बरोबर ठरल्याचं समाधान असतं म्हणतात. मला ते मिळालं नाही.

पण त्या दिवशी आम्ही निघालो. ओढा ओलांडला, पेठेच्या तोंडाशी वेशीसमोर आलो. वाजंत्री मोठ्यानं वाजत होती. दुकानदार दारात येऊन उभे राहिले. अंकुशराव अजून नगारखान्याखालीच होते. ते चार पावलं मागे सरकले आणि फोनवर बोलायला लागले. इस्माईलभाई उठून उभे राहिले.

आणि नेमकी त्याच वेळी समोरून, पेठेच्या बाजूनं, उसानं भरलेली ट्रॉली वेशीत शिरली. ट्रॅक्टरचं तोंड बाहेर, आमच्या पुढ्यात. कमानीखाली तेवढीच जागा. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा दिला. बँड वाजतच होता. असंच काहीतरी होऊन दंगे पेटतात हे मी ऐकून होते.

सरूबाई गाडा सोडून पुढे झाली आणि ट्रॅक्टरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. वर पाहून म्हणाली, “लेकरा, मागं घे.”

“आज्जे, भरल्याली ट्रॉली हाय. मागं जात न्हाई लवकर.”

“जाऊ दे सावकाश. आमाला घाई न्हाई.”

तो पोरगा तिच्याकडे, मग गाड्यावरच्या दगडाकडे, मग मागे जमलेल्या माणसांकडे पाहत राहिला. कुणाच्या तोंडाकडे पाहून ठरवावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं मान मागे वळवली आणि गिअर टाकला.

भरलेली ट्रॉली मागे नेणं सोपं नसतं. ती एका अंगाला वळायची, तो पुढे घ्यायचा, पुन्हा मागे. ऊस खांबाला घासून खाली पडत होता. खांब मीच सरळ केले होते. प्रत्येक घासण्याला माझी नजर सांध्यांकडे जात होती. बँडवाल्यानं वाजवणं थांबवलं आणि सगळं गाव उभं राहून एक ट्रॉली वेशीतून मागे जाताना पाहत होतं. किराणा दुकानदार पायरी उतरून आला आणि हात हलवून ड्रायव्हरला सांगायला लागला, “डावीकडं घे. आजून. आजून जरा. हां, आता सरळ.”

वेस मोकळी झाली.

वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि गाडा कमानीखाली शिरला. मी मागून चालत होते. वर नवं कमळ, खाली जुनं. सरूबाईनं वर पाहिलंच नाही. ती खांबाच्या आतल्या बाजूला, जिथे पूर्वी वेशीचं दार बसवलेलं असेल तिथे, क्षणभर थांबली, खांबाच्या दगडावर हात टेकवला आणि पुढे निघाली. तिथे तिचा सासरा उभा राहायचा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पेठ संपेपर्यंत गेलो. मारुतीच्या पारापाशी राजरत्ननं गाडा थांबवला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता घरी,” सरूबाई म्हणाली. “भगवान पाटावर बसल्यात कवाधरनं.”

“वढ्याकडनं जवळ पडंल,” गाडा ढकलणाऱ्यांतला एक जण म्हणाला.

“पडू दे जवळ,” ती म्हणाली, आणि गाडा वेशीकडे वळवला.